१९६४ चे दोन शोधनिबंध आणि न सापडलेला फरक

१/
१९६४ साली भौतिकशास्त्रात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पहिल्यावर चार नावे होती. निसर्गाच्या एका मूलभूत सममितीला तडा गेल्याचे त्यात दाखवले होते आणि सोळा वर्षांनी त्या चौघांपैकी दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्यावर एकच नाव होते. हीलियममधल्या एका लहानशा विसंगतीचे स्पष्टीकरण त्यात सुचवले होते आणि पुढची पंचवीस वर्षे त्याची प्रायोगिक तड लागली नाही. या दोन निबंधांची वाट पुढे एकच होईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. ती कशी झाली, हा आजच्या धाग्याचा विषय. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी सममिती म्हणजे काय ते पाहू. एखादा बदल करूनही नियम तसाच राहत असेल, तर त्या बदलाबाबत नियम सममित आहे असे म्हणतात. भौतिकशास्त्रात असे तीन बदल महत्त्वाचे मानले जातात. ‘पी’ म्हणजे आरशातले जग: डाव्याचे उजवे. ‘सी’ म्हणजे प्रत्येक कणाच्या जागी त्याचा प्रतिकण: इलेक्ट्रॉनच्या जागी पॉझिट्रॉन, प्रोटॉनच्या जागी प्रतिप्रोटॉन. ‘टी’ म्हणजे काळाची दिशा उलटी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक सर्वांची धारणा अशी होती की, यांपैकी कोणताही बदल केला तरी निसर्गाचे नियम तेच राहतील.

३/
१९५६ साली ली आणि यांग या दोन तरुण शास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला: किरणोत्सारी क्षय घडवणाऱ्या क्षीण बलाच्या बाबतीत ‘पी’ सममिती कोणी तपासून पाहिली आहे काय? उत्तर होते, नाही. चिएन-शिउंग वू यांनी वॉशिंग्टनमध्ये ती तपासली. कोबाल्ट-६० ची केंद्रके अतिशीत तापमानात एका दिशेने वळवून त्यांतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. ते एका बाजूला जास्त निघत होते. आरशातले जग खरोखर वेगळे होते. पाउली यांच्यासारखा दिग्गज याविरुद्ध पैज लावायला तयार होता. पैज कोणी लावली नाही, म्हणून ते वाचले. १९५७ चे नोबेल ली आणि यांग यांना मिळाले. वू यांना मिळाले नाही.

४/
मग शास्त्रज्ञांनी माघार घेऊन दुसरी तटबंदी उभारली. एकटी ‘पी’ मोडली तरी ‘सी’ आणि ‘पी’ हे दोन्ही बदल एकत्र केले, तर नियम नक्की तेच राहतील, असे मानले गेले. आपला पहिला शोधनिबंध इथे येतो. १९६४ मध्ये ब्रुकहेवन येथे क्रिस्टेन्सन, क्रोनिन, फिच आणि तुर्ले यांनी दीर्घायुषी केऑन कणांचा क्षय अभ्यासला. ‘सीपी’ सममिती खरी असेल, तर या कणाने फक्त दोन पायॉन देत मोडता कामा नये. हजारांतून सुमारे दोन कण तसे मोडत होते. हजारांत दोन! एवढ्याशा फटीतून दुसरी तटबंदीही ढासळली.

५/
आता उरली तिसरी. ‘सी’, ‘पी’ आणि ‘टी’ हे तिन्ही बदल एकदम केले, तर नियम बदलत नाहीत, हा ‘सीपीटी’ सिद्धांत. ल्यूडर्स आणि पाउली यांनी १९५४-५५ च्या सुमारास तो मांडला. याचे बळ वेगळ्या प्रकारचे आहे. सापेक्षता आणि पुंजयामिकी यांचा मेळ ज्या गृहीतकांवर घातला जातो, त्यांतून तो गणिताने निघतो. तो मोडला, तर आधुनिक भौतिकशास्त्राचा पायाच पुन्हा घालावा लागेल. त्यातून एक ठोस भाकीत मिळते: कण आणि प्रतिकण यांचे वस्तुमान तंतोतंत सारखे, आणि विद्युतभार तेवढाच पण विरुद्ध असला पाहिजे.

६/
गणिताने सिद्ध झालेली गोष्ट तपासायची कशाला? दोन कारणांसाठी. एक म्हणजे गणित गृहीतकांवर उभे असते, आणि ती गृहीतके निसर्गाला मान्य आहेत की नाहीत हे प्रयोगच सांगतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समप्रमाणात निर्माण झाले असेल, तर दोघांनी एकमेकांना संपवायला हवे होते. तरीही द्रव्य उरले. आपण त्याच शिल्लकीचे बनलो आहोत. साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवले की, ‘सीपी’ मोडत असेल तर ठरावीक परिस्थितीत अशी शिल्लक राहू शकते. पण आज माहीत असलेला ‘सीपी’ भंग त्यासाठी फारच तोकडा पडतो. हिशेबात मोठी तूट आहे. ती कुठून भरून निघते, ते अजून कळलेले नाही.

७/
तपासायचे कसे? माणसाला सर्वांत अचूकपणे मोजता येणाऱ्या राशींपैकी एक म्हणजे वारंवारिता. प्रत्येक अणू ठरावीक वारंवारितांचाच प्रकाश शोषतो किंवा सोडतो; या वर्णरेषा म्हणजे त्या अणूचा अंगठ्याचा ठसा. रेषांची जागा आतल्या कणांच्या वस्तुमानावर आणि विद्युतभारावर ठरते. म्हणून अणूतील एखादा नेहमीचा कण काढून त्या जागी प्रतिकण बसवता आला आणि त्या अणूच्या रेषा मोजता आल्या, तर प्रतिकणाचे वस्तुमान आपोआप हाती येईल. असे नेहमीपेक्षा वेगळा कण बसवलेले अणू ‘विलक्षण अणू’ म्हणून ओळखले जातात.

८/
या अणूंचा इतिहास युद्धकाळातल्या रोमपर्यंत जातो. कॉन्व्हर्सी, पान्चिनी आणि पिच्चोनी यांनी वैश्विक किरणांतले ऋणभारित कण पदार्थात थांबवून पाहिले. १९४७ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कार्बनमध्ये हे कण केंद्रकात गिळले जाण्याऐवजी बहुतांशी आपल्या मरणाने मरत होते. त्याच वर्षी फर्मी आणि टेलर यांनी हिशेब केला. असा कण इलेक्ट्रॉनप्रमाणे अणूभोवती कक्षेत अडकतो आणि निमिषार्धाहूनही कितीतरी कमी वेळात सर्वांत आतल्या कक्षेत कोसळतो. हा कण, म्हणजे आजचा म्यूऑन, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड; म्हणून त्याची कक्षा तितक्याच पटीने लहान.

९/
प्रतिकण असलेला पहिला विलक्षण अणू १९५१ मध्ये मार्टिन डॉइश यांनी एमआयटीत ओळखला: पॉझिट्रोनियम, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची एकमेकांभोवती फिरणारी जोडी. यात मुंबईशी जोडलेला एक धागा आहे. होमी भाभा यांनी १९३५ मध्ये केंब्रिजला असताना दाखवले होते की, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आले की एक जादा शक्यता संभवते: दोघे नाहीसे होऊन पुन्हा प्रकट होतात. पॉझिट्रोनियमच्या सर्वांत खालच्या दोन पातळ्यांमध्ये जे अंतर आहे, त्यातला सुमारे तीन-सप्तमांश वाटा याच नाहीसे होऊन पुन्हा प्रकट होण्याच्या क्रियेचा आहे. कागदावरचे गणित वर्णरेषेत असे दिसते.

१०/
प्रतिप्रोटॉन मात्र अवघड गडी. तो १९५५ मध्ये बर्कली येथे सापडला. तो ऋणभारित आहे, म्हणून एखाद्या अणूत इलेक्ट्रॉनच्या जागी बसू शकतो. पण बसला की झपाट्याने आतल्या कक्षांकडे घसरतो, केंद्रकाला भिडतो आणि दोघांचा नाश होतो. पदार्थात थांबल्यापासून हे सगळे घडायला सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. एवढ्यात त्यावर लेसर रोखून वर्णरेषा कशी मोजणार? पाहुणा उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोच संपतो, अशी स्थिती.

११/
आता १९६४ चा दुसरा शोधनिबंध. त्या काळी हीलियमने भरलेल्या बबल चेंबरमध्ये कणांचे मार्ग बुडबुड्यांच्या रेषांनी टिपत असत. त्यात काही ऋणभारित पायॉन केंद्रकात गिळले जाण्याआधीच नैसर्गिक क्षयाने मोडताना दिसत होते, आणि त्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त होते. म्हणजे हीलियममध्ये कोणीतरी त्यांना रोखून धरत होते. जी. टी. कोंडो यांनी सुचवले की, काही पायॉन हीलियमच्या अणूत दूरच्या, जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत अडकत असावेत आणि तिथून त्यांना चटकन खाली उतरता येत नसावे. जे. ई. रसेल यांनी दशकाच्या अखेरीस या कल्पनेला गणिताची जोड दिली. प्रायोगिक पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता.

१२/
ही कल्पना समजून घेण्यासारखी आहे. हीलियममध्ये दोन इलेक्ट्रॉन असतात. एकाची जागा जड ऋणभारित कणाने घेतली, तरी दुसरा शिल्लक राहतो आणि तोच या पाहुण्याचा रक्षक बनतो. कण वर्तुळाकार कक्षेत असल्याने केंद्रकाला शिवत नाही. त्याची एक पायरी उतरली, तर जेमतेम दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. उरलेल्या इलेक्ट्रॉनला हाकलून द्यायला मात्र सुमारे पंचवीस लागतात. म्हणून घाईने कोसळण्याचा मार्ग बंद होतो आणि प्रकाश सोडत एकेक पायरी सावकाश उतरणे एवढेच हाती राहते. शेजारच्या अणूंचे धक्केही तो इलेक्ट्रॉन स्वतःवर घेतो.

१३/
पंचवीस वर्षे उलटली. जपानमधील त्सुकुबा येथील केईके प्रयोगशाळेत यामाझाकी, हायानो आणि त्यांचे सहकारी द्रव हीलियममध्ये केऑन थांबवत होते. त्यांचा शोध एका वेगळ्याच प्रकारच्या केंद्रकासाठी चालला होता. नोंदींत त्यांना आढळले की, थोडे केऑन उशिरा मरत आहेत. अशी नोंद गोंगाट म्हणून बाजूला सारणे सोपे होते. त्यांनी सारली नाही. कोंडो यांची कल्पना बाहेर काढली आणि विचारले: केऑन टिकतात तर प्रतिप्रोटॉन का टिकू नयेत? १९९१ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले. सुमारे ३ टक्के प्रतिप्रोटॉन काही मायक्रोसेकंद टिकत होते, म्हणजे अपेक्षेच्या लाखो पट.

१४/
काही मायक्रोसेकंद म्हणजे लेसरसाठी ऐसपैस वेळ. पुढचा अंक जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत घडला. पद्धत चतुर होती. या अणूत काही पायऱ्या दीर्घायुषी आहेत, तर काही क्षणभंगुर. लेसरची तरंगलांबी नेमकी जुळली, तर प्रतिप्रोटॉन दीर्घायुषी पायरीवरून क्षणभंगुर पायरीवर ढकलला जातो आणि तत्काळ नष्ट होतो. म्हणून तरंगलांबी हळूहळू बदलत जायची आणि लेसरच्या स्पंदाबरोबर नाशाच्या नोंदी एकदम कधी उसळतात ते पाहायचे. १९९४ मध्ये पहिली रेषा जाहीर झाली: ५९७.२६ नॅनोमीटर, नारिंगी प्रकाश. प्रतिद्रव्याचा कण असलेल्या या अणूने आपला ठसा उमटवला होता.

१५/
इतिहासात संस्थांचे आयुष्यही पाहावे लागते. ज्या यंत्राने हे मंद प्रतिप्रोटॉन पुरवले, ते सर्नने १९९६ मध्ये बंद केले. आदल्याच वर्षी तिथे प्रतिहायड्रोजनचे नऊ अणू घडवले गेले होते. या कामात गुंतलेल्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून प्रतिप्रोटॉनांचा वेग कमी करणारे नवे यंत्र उभे राहिले आणि २००० मध्ये सुरू झाले. एरवी त्वरक कणांचा वेग वाढवतात. हे यंत्र उलट काम करते. हीलियमचा प्रयोग तिथे ‘असाकुसा’ या नावाने पुन्हा सुरू झाला. नाव इंग्रजी आद्याक्षरांचे, पण टोकियोतल्या असाकुसा भागाची आठवण करून देणारे.

१६/
यानंतरची कहाणी दशांशचिन्हानंतरच्या अंकांची आहे. सर्वांत मोठा अडथळा म्हणजे अणूंची धावपळ: हलणाऱ्या अणूला लेसरची वारंवारिता किंचित वेगळी भासते आणि रेषा पसरट होते. यावर एक उपाय म्हणजे समोरासमोरून दोन लेसर सोडून हा परिणाम बराचसा रद्द करणे. त्याचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. दुसरा उपाय म्हणजे अणू निरपेक्ष शून्याच्या वर दीड-पावणेदोन अंशांपर्यंत थंड करणे. तो २०१६ मध्ये आला. त्यासाठी सुमारे दोन अब्ज अणू वापरले गेले. प्रतिप्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या किती पट जड आहे? उत्तर: १८३६.१५२६७३४, अनिश्चितता शेवटच्या दोन अंकांत १५. प्रोटॉनसाठी स्वतंत्रपणे मिळालेले मूल्य या मर्यादेत चोख बसते.

१७/
हा आकडा एका मोजमापातून थेट निघत नाही. प्रयोग फक्त वारंवारिता देतो. केंद्रक, प्रतिप्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन या तिघांच्या गुंतागुंतीचे गणित रशियातील दुबना येथील कोरोबोव्ह यांनी वर्षानुवर्षे अधिकाधिक बारकाईने केले. दोन्ही जुळवल्यावर वस्तुमान मिळते. आणखी एक खुबी आहे. चुंबकीय सापळ्यातले प्रयोग विद्युतभार आणि वस्तुमान यांचे फक्त गुणोत्तर देतात. दोन्ही राशी एकाच प्रमाणात चुकल्या, तर सापळ्याला ते कळणार नाही. हीलियमच्या रेषा मात्र वेगळ्या मिश्रणावर अवलंबून असतात. दोन्ही साक्षी एकत्र केल्या की, विद्युतभार आणि वस्तुमान वेगवेगळे तपासता येतात. दोन अब्जांत एक भाग या मर्यादेपर्यंत दोन्ही सारखे निघाले. दोन स्वतंत्र साधनांचा मेळ घालणे आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांना नवे नाही.

१८/
इतर आघाड्यांवरही हेच उत्तर आले. सर्नच्या ‘अल्फा’ गटाने प्रतिहायड्रोजनची सर्वांत प्रसिद्ध रेषा २०१८ मध्ये सुमारे पाचशे अब्जांत एक इतक्या अचूकतेने मोजली. ती हायड्रोजनशी जुळली. थोडक्यात, १९९४ च्या पहिल्या रेषेपासून चाललेल्या या शोधाचा आजवरचा निष्कर्ष एका वाक्यात मावतो: फरक सापडला नाही. वू, क्रोनिन आणि फिच यांच्या प्रयोगांवर पाठ्यपुस्तकांत प्रकरणे आहेत, कारण त्यांनी काहीतरी मोडून दाखवले. ज्यांना काहीच मोडलेले आढळले नाही, त्यांच्या वाट्याला बहुधा तळटीप येते.

१९/
इथे स्वतःचा एक अनुभव सांगतो. प्रबंधासाठी मी एका अभिलेखागारात काही आठवडे मोडी कागदांचे रुमाल सोडून पाहत होतो. हवी असलेली नोंद मिळाली नाही. खट्टू होऊन मार्गदर्शकांना सांगितले, ‘सर, काहीच मिळाले नाही.’ ते म्हणाले, ‘असे लिहू नका. कोणते रुमाल पाहिले, कोणत्या सालांचे, किती कागद वाचले आणि किती वाचता आले नाहीत, ते लिहा. मग तुमच्या “नाही”ला किंमत येईल.’ असाकुसाच्या आकड्यामागची ‘शेवटच्या दोन अंकांत १५’ ही नोंद वाचली, तेव्हा मला ते वाक्य आठवले. आम्ही इथपर्यंत पाहिले, याच्या पलीकडचे अजून पाहिलेले नाही, एवढेच ती सांगते.

२०/
अशा ‘नाही’चे मोल पूर्वीही सिद्ध झाले आहे. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांना ईथरचा मागमूस लागला नाही, आणि त्या न लागण्यानेच जुन्या भौतिकशास्त्रासमोर मोठा पेच उभा केला. ‘सीपीटी’च्या बाबतीत प्रत्येक नव्या अंकाने कल्पनांचा एकेक प्रदेश बाद होत जातो. विश्वातल्या त्या तुटीचे उत्तर इथे असेलच, तर ते या अंकांच्या पलीकडे असले पाहिजे. आणि ‘पी’ सममिती कोणी तपासलेलीच नव्हती, हे १९५६ ने शिकवले आहे. न तपासलेली खात्री आणि तपासून मिळालेली खात्री बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांच्यातला भेद फक्त कागदपत्रे सांगतात.

२१/
शेवटी कोंडो यांच्याकडे परत येऊ. त्यांनी मुळात पायॉनबद्दल लिहिले होते. पायॉनचे सरासरी आयुष्य अवघे २६ नॅनोसेकंद. म्हणून त्याच्यावर लेसर चालवणे प्रतिप्रोटॉनपेक्षा कितीतरी कठीण. २०२० मध्ये मासाकी होरी यांच्या गटाने स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत ते साधले आणि पायॉनयुक्त हीलियम अणूची लेसरने टिपलेली रेषा जाहीर केली. १९६४ च्या त्या छोट्या निबंधाला थेट पुरावा मिळायला छप्पन्न वर्षे लागली. दोनच वर्षांनी आणखी एक आश्चर्य समोर आले: द्रव हीलियम अतिप्रवाही अवस्थेत जाताच त्यातल्या प्रतिप्रोटॉन-अणूंची रेषा एकाएकी बारीक झाली. द्रवात रेषा पसरट होतात, ही सर्वसाधारण अपेक्षा होती.

२२/
एका निबंधाने सममितीवरचा विश्वास डळमळीत केला. दुसऱ्याने उरलेली सममिती तपासण्याचे साधन नकळत पुरवले. ते साधन ओळखू आले, ते कोणीतरी जुने अंक चाळून विसंगतीचे जुने स्पष्टीकरण पुन्हा वाचले म्हणून. जिनिव्हाजवळ ते मोजमाप अजून संपलेले नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, भौतिकशास्त्राचा नाही. कुठे चूक आढळल्यास जाणकारांनी अवश्य दाखवावी. दुरुस्ती याच धाग्यात जोडेन. आणि तुमच्या अभ्यासात, मग विषय कोणताही असो, नीट शोधूनही ‘नाही’ हेच उत्तर मिळाले असेल, तर काय, कुठे आणि किती पाहिले, ते खाली लिहा. वाचायला आवडेल.